जुनी शातो लातूर कशी उघडावी

तीस-चाळीस वर्षं तळघरात निवांत पडून राहिलेली बाटली बऱ्याचदा शेवटच्या तीन दिवसांत वाया जाते. गाडीतून हिंदकळत येते आणि त्याच रात्री उघडली जाते. आडवी असते ती उभी करून तासाभरात ओतली जाते. बूच तुटलं की आत ढकललं जातं, नाहीतर ‘जरा हवा लागू दे’ म्हणत दुपारपासून डिकँटरमध्ये (वाईन ओतून घ्यायच्या काचेच्या भांड्यात) ठेवली जाते. यात वाईनचा काहीच दोष नसतो. इथे दिलेली पद्धत फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या पोइयाकच्या शातो लातूर (शातो म्हणजे वाईन बनवणारा मळा) या वाईनला धरून सांगितली आहे, कारण बोर्दोच्या मेदोक पट्ट्यातल्या सगळ्यांत चिवट, उशिरा पिकणाऱ्या लाल वाईनमध्ये तिची गणना होते आणि तिच्या जुन्या बाटल्यांत गाळही भरपूर असतो. मेदोकच्या दुसऱ्या कुठल्याही, मुख्यतः कॅबर्ने जातीच्या द्राक्षांच्या जुन्या वाईनला हीच पद्धत चालते. फक्त हवा किती वेळ द्यायची, ते बदलतं.

बाटलीत आहे काय

पोइयाक हे जिरोंद खाडीच्या डाव्या काठावरचं गाव. शातोच्या नावातला ‘तूर’ म्हणजे बुरूज. इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धाच्या काळात खाडीवर नजर ठेवायला इथे एक बुरूज होता, पण त्याचा आज मागमूस नाही. मळ्यात उभा असलेला घुमटाचा गोल बुरूज सतराव्या शतकातला आहे आणि तो खरं म्हणजे कबुतरखाना आहे. लेबलवरचा बुरूज आणखी तिसराच, माथ्यावर सिंह उभा असलेला. लेबल तपासताना या सिंहाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

अठराव्या शतकात मळा सेग्युर घराण्याकडे होता. त्यातल्या निकोला-अलेक्झांद्र द सेग्युरकडे लाफीत आणि लातूर दोन्ही होते. १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी त्या वेळच्या भावांवरून मेदोकच्या वाईनची प्रतवारी लावली, तेव्हा पहिल्या श्रेणीत चारच नावं आली: लाफीत, लातूर, मार्गो आणि मेदोकबाहेरचं ओ-ब्रियाँ. पोइयाकच्याच मुताँ या शातोला तिथे पोचायला १९७३ साल उजाडलं. लातूर १९६३ मध्ये ब्रिटिश कंपन्यांच्या हाती गेलं आणि १९९३ मध्ये फ्रेंच उद्योगपती फ्रांस्वा पिनो यांनी ते विकत घेऊन पुन्हा फ्रेंच मालकीत आणलं.

मुख्य वाईन येते ती शातोभोवतालच्या ‘लांक्लो’ नावाच्या सुमारे ४७ हेक्टरच्या तुकड्यातून. वर गोट्यांची जाड खडी, खाली चिकणमाती, आणि खाडी अगदी हाकेच्या अंतरावर. पाण्याच्या शेजारामुळे हवा मऊ राहते, दंव कमी पडतं आणि द्राक्षं शेजाऱ्यांपेक्षा जरा आधी पिकतात. १९६४ साली ऑक्टोबरच्या मुसळधार पावसाआधी लातूरची तोडणी उरकली होती. काही नामांकित शेजाऱ्यांची द्राक्षं मात्र वेलींवरच भिजली. म्हणून बोर्दोचं ते साल एरवी बेभरवशाचं मानतात आणि लातूरचं १९६४ मात्र लोक शोधून घेतात. त्याच वर्षी तिथे किण्वनासाठी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बसल्या. मेदोकच्या बड्या शातोंमध्ये तेव्हा ही नवलाईच होती.

मिश्रणात कॅबर्ने सोव्हिन्याँचा वाटा मोठा, साधारण तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त, आणि बाकी बहुतेक मेर्लो ही दुसरी द्राक्षाची जात. कॅबर्नेची साल जाड आणि द्राक्ष लहान, म्हणून टॅनिन, म्हणजे जीभ कोरडी करणारा तुरट घटक, भरपूर. वाईन २२५ लिटरच्या नव्या ओक पिंपांत दीड वर्षाच्या आसपास मुरते आणि मग बाटलीत भरली जाते. पुढच्या वर्षांत टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना जोडली जाऊन त्यांचे कण मोठे होतात, आणि वजन पेलेनासं झालं की खाली बसतात. तोच गाळ. तो दिसला म्हणजे बाटली बिघडली असं नाही, उलट तीस वर्षांच्या लातूरमध्ये गाळ अजिबात नसेल तर शंका घ्यावी. पण गाळ जिभेवर कडू आणि खरखरीत लागतो आणि वाईनमध्ये ढवळला गेला की सुगंध झाकोळून टाकतो. पुढचा सारा खटाटोप त्याला जागचा न हलवता वाईन वेगळी करण्यासाठीच आहे.

बाटली वाचायला शिका

सगळ्यांत आधी पातळी पाहा. बोर्दोच्या बाटलीला सरळ अंग, उंच खांदे आणि लांब मान असते. बाटली उभी करून मागे दिवा धरला की वाईन कुठवर आहे ते दिसतं. वीस वर्षांपर्यंतच्या बाटलीत पातळी मानेत किंवा मानेच्या बुडाशी असायला हवी. तीस वर्षांनंतर खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत उतरलेली पातळी नेहमीची समजावी. चाळीस-पन्नास वर्षांच्या बाटलीत खांद्याच्या मध्याच्या जरा वर असली तरी आशा सोडू नये, पण त्या बाटलीला जास्तीची हवा द्यायची नाही हे तिथेच ठरवून टाकावं. मध्याच्या खाली गेली असेल तर बुचानं दगा दिला आहे, आणि आत शिरलेली हवा आपलं काम करून बसलेली असण्याची शक्यता मोठी. पातळीची सांगड नेहमी वयाशी घाला. दहा वर्षांच्या बाटलीत खांद्यापर्यंत उतरलेली पातळी ही धोक्याची खूण, तर साठ वर्षांच्या बाटलीत तीच पातळी भाग्याची.

मग कॅप्सूल, म्हणजे मानेवरचं बूच झाकणारं धातूचं आवरण, पाहा. कडेनं चिकट ओघळ सुकलेला असेल, किंवा बुचानं कॅप्सूलला खालून फुगवटा आणला असेल, तर बाटलीला कधीतरी उष्णता लागली आहे. वाईन फुगते, बुचाला वर ढकलते, थंड झाल्यावर आकसते आणि मोकळ्या जागेत हवा ओढून घेते. कॅप्सूल बोटानं फिरते का हे पाहायची पद्धत आहे, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. काही कॅप्सूल मुळातच घट्ट बसवलेल्या असतात.

रंग मानेत पाहावा, अंगात नाही. अंगात काच आणि वाईन दोन्ही जाड असल्यानं सगळंच काळं दिसतं. मानेमागे पांढरा दिवा धरल्यावर विटकरी किंवा गडद माणकासारखी झाक दिसली तर ठीक. चहासारखा तपकिरी आणि मंद रंग दिसला तर तयारी ठेवा.

लेबलवर ‘ग्रां व्हँ द शातो लातूर’ (मुख्य वाईन) आहे की ‘ले फोर द लातूर’, हे नीट वाचा. ‘ले फोर’ ही शातोची दुसरी वाईन, १९६६ च्या हंगामापासूनची. चांगली असते, पण लवकर पिकते आणि तिचा भावही निराळा. जुन्या बाटलीचं लेबल डागाळलेलं, ओलीनं कुरतडलेलं असणं ही चांगल्या तळघराची खूण आहे, कारण बुचाला जी ओल हवी असते तीच कागदाला नडते. उलट १९६१ ची बाटली, लेबल कोरं करकरीत, सिंहाच्या आणि बुरुजाच्या रेषा फुगल्यासारख्या किंवा ठिपक्याठिपक्यांच्या, आणि आत गाळाचा पत्ता नाही, असं असेल तर विकणाऱ्याला चार प्रश्न विचारा. बनावट जुन्या वाईनचा धंदा ही कल्पनेतली भीती नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात रूडी कुर्नियावान याच्यावर याच गुन्ह्याचा ठपका सिद्ध झाला.

बाटलीचा आजवरचा प्रवास लेबलपेक्षा महत्त्वाचा. २०१२ मध्ये लातूरनं बाटलीत भरण्याआधीच आगाऊ विक्री करण्याची बोर्दोची रीत सोडली. आता वाईन शातोच्याच तळघरात थांबते आणि पिण्याजोगी झाली असं वाटल्यावर बाहेर येते. अशी थेट आलेली बाटली त्याच सालाच्या फिरून आलेल्या बाटलीपेक्षा ताजी आणि जास्त बंद लागते. तिला हवाही जास्त वेळ द्यावी लागते.

तीन दिवस आधी

बाटली लांबून आली असेल तर किमान तीन-चार आठवडे १२ ते १४ अंश सेल्सिअसला, अंधारात, आडवी पडू द्या. हा आराम टाळला तर वाईन बिघडत नाही, पण सुगंध आखडतो आणि बारीक गाळ तरंगत राहतो.

पिण्याच्या दिवसाआधी दोन-तीन दिवस तिला उभी करा. वीस वर्षांच्या आतल्या बाटलीला २४ तास पुरतात. १९७० च्या आधीच्या बाटलीला आठवडा दिला तरी जास्त नाही, कारण तिचा गाळ पिठासारखा बारीक झालेला असतो. उभी करायची रीत अशी: आडवी असताना वरच्या बाजूला खडूची खूण करा, मग मान हळूहळू वर घेत अर्ध्या मिनिटात उभी करा. गाळ खालच्या बाजूनं घसरत बुडाच्या खळग्याभोवती जाऊन बसतो. थोडा थर काचेलाच चिकटून राहतो, त्याला खरवडायच्या भानगडीत पडू नका. ओततानाही खूण वरच ठेवली तर तो थर खालच्या बाजूला, जागच्या जागी राहतो.

उभी करायला वेळच मिळाला नसेल तर अजिबात उभी करू नका. वेताच्या करंडीत, पडून होती तशीच तिरकी ठेवून उघडा आणि तिथूनच ओता. अर्धवट निवळलेल्या उभ्या बाटलीपेक्षा ते बरं.

हत्यारं

बूच हा यातला सगळ्यांत नाजूक गडी. मोठ्या शातोंची बुचं लांब असतात, पाच सेंटिमीटरच्या आसपास. मूळ २४ मिलिमीटर जाडीचं बूच दाबून साधारण १८ मिलिमीटरच्या मानेत बसवलेलं असतं. चाळीस वर्षांत त्याची उसळी मरते. खालचा भाग वाईननं भिजून मऊ होतो, वरचा सुकून ठिसूळ होतो आणि मधे कुठेतरी तो मानेला चिकटून बसतो. अशा बुचात नुसतं मळसूत्र घालून जोर लावला की मधला गाभा भुशासारखा बाहेर येतो आणि कडा आतच राहते.

पंचवीस वर्षांपर्यंतच्या बाटलीला वेटरचा साधा कॉर्कस्क्रू चालतो. दोन टप्प्यांचा घ्या, मळसूत्र लांब आणि तारेसारखं पोकळ वळणांचं हवं. भरीव बर्म्यासारखं मळसूत्र बूच कापत जातं. त्याहून जुन्या बाटलीसाठी दोन पात्यांचा ‘आ-सो’ हवा, जो बुचाला छेद न देता दोन्ही कडांनी धरतो. आणि चाळीसच्या पुढच्या बाटल्या नेहमी उघडत असाल तर ‘ड्युरँड’ घ्या. त्यात मळसूत्र आणि पाती दोन्ही आहेत. महाग आहे, पण एक बूच वाचलं की पैसे वसूल.

याशिवाय: ओलं सुती फडकं, कोरडं फडकं, गंधहीन डिकँटर, बारीक जाळीची स्टीलची गाळणी, छोटा टॉर्च. मेणबत्ती दिसायला छान, पण मेणाचा वास जुन्या वाईनच्या सुगंधात लुडबुड करतो.

बूच काढणं

बाटली टेबलावर उभी, जागची न हलवता. कॅप्सूल नुसती वरून कापू नका, पूर्ण सोलून काढा. ओतताना मान स्वच्छ दिसायला हवी. १९९० च्या दशकाआधीच्या बहुतेक कॅप्सूल शिशाच्या असतात, म्हणून मानेचं तोंड ओल्या फडक्यानं नीट पुसा, फडकं बदलून पुन्हा पुसा, आणि सोललेला पत्रा लगेच बाजूला टाका. बुचावर काळी बुरशी दिसली तर दचकू नका. ती दमट तळघराची देणगी, वरच्यावर असते आणि पुसली की जाते.

आधी बोटानं बूच हलकंच दाबून पाहा. जराही आत सरकलं तर आ-सो वापरू नका. पाती घालताना लागणारा जोर त्याला थेट वाईनमध्ये पाडेल. तिथे मळसूत्रच बरं, तेही एका हातानं आधार देत.

आ-सो असा: लांब पातं आधी, बूच आणि काच यांच्या फटीत. मग आखूड पातं समोरच्या बाजूला. सरळ खाली दाबायचं नाही. मूठ डावीकडे-उजवीकडे झोके देत, एकेका पात्याला दोन-तीन मिलिमीटर खाली सरकू द्यायचं. मूठ बुचाला टेकली की फिरवायला लागा. एकाच दिशेनं, अगदी सावकाश, फिरवत फिरवतच वर. नुसतं ओढलं तर पाती निसटून वर येतात. बूच चिकटलेलं असेल तर पहिल्या अर्ध्या फेऱ्यात बारीक ‘कट्’ ऐकू येतो. तो बूच मोडल्याचा नसतो, चिकटा सुटल्याचा असतो.

ड्युरँडमध्ये आधी मळसूत्र बुचाच्या मधोमध, त्याची आडवी दांडी बाटलीच्या तोंडाला टेकेपर्यंत. मग पाती वरच्यासारखीच झोके देत. शेवटी दोन्ही मुठी एकत्र धरून फिरवत वर. मळसूत्र गाभा सांभाळतं, पाती कडा सांभाळतात. बूच कितीही कुजलेलं असलं तरी सहसा अखंड येतं.

वेटरचा कॉर्कस्क्रू वापरताना टोक मध्यापासून किंचित बाजूला टेकवा, म्हणजे वळणाचा मध्य बुचाच्या मध्यावर येतो. टोक बुचाच्या तळातून बाहेर पडू देऊ नका, तुकडे तिथूनच सांडतात. अर्धं बूच बाहेर आल्यावर थांबा, मळसूत्र आणखी एक वेढा आत घाला, आणि शेवटचा सेंटिमीटर हातानं हलवत काढा. ‘फट्’ असा आवाज आला तर घाई झाली.

बूच बाहेर आलं की वाचा. शातोचं नाव आणि साल त्यावर डागलेलं असतं, ते लेबलशी जुळायला हवं. काही बाटल्यांचं बूच शातोमध्ये बदललेलं असतं. तसं असेल तर बुचावर बहुधा बदलल्याचं वर्ष असतं. मग नवं बूच पाहून घाबरायचं कारण नाही. तळापासून वरपर्यंत एखादा डाग ओघळासारखा गेलेला दिसला तर त्या वाटेनं हवा आत गेली असेल. बूच हुंगून वाईनचा निकाल मात्र लावू नका. बूच बुचासारखंच वासतं.

मोडलंच तर

वरचा अर्धा आला आणि खालचा आतच राहिला, तर बाटली उभीच ठेवून मळसूत्र उरलेल्या भागात तिरकं घाला, काचेच्या भिंतीकडे झुकवून. तिरक्या पकडीमुळे भुसभुशीत बुचातही मळसूत्राला धरायला जास्त जागा मिळते. दोनदा प्रयत्न करून जमलं नाही तर हट्ट सोडा. तुकडा आत पडू दे, वाईन गाळणीतून डिकँटरमध्ये घ्या आणि पहिल्या घोटाबरोबरच सगळं विसरून जा. बुचाचे तुकडे चव बिघडवत नाहीत, फक्त दातात येतात. कॉफीचा कागदी फिल्टर मात्र नको. कागदाचा वास वाईनला लागतो आणि जुन्या वाईनमध्ये तो लपत नाही. बारीक मलमल वापरायची तर ती साबणाशिवाय, नुसत्या गरम पाण्यात उकळलेली हवी.

मान तापवून कापायचे लोखंडी चिमटेही मिळतात. मुळात ते जुन्या पोर्टसाठी, म्हणजे पोर्तुगालच्या गोड वाईनसाठी. घरात पाहुण्यांसमोर पहिल्यांदा करून पाहायची ही गोष्ट नाही.

निवळ वाईन वेगळी करणं

डिकँटर आधी हुंगा. कपाटाचा, धुण्याच्या पावडरीचा, मागच्या वाईनचा जराही वास आला तर गरम पाण्यानं खळबळा आणि शेवटी थेंबभर दुसरी वाईन फिरवून ओतून टाका. जुन्या वाईनसाठी डिकँटर अरुंद, उभट हवा. बदकासारखी रुंद भांडी तरुण वाईनसाठी. तिथे हवा लागावी हाच हेतू असतो, इथे तो नाही.

मानेचं तोंड आतूनही पुसा. टॉर्च टेबलावर असा ठेवा, की प्रकाश खालून वर बरोबर त्या जागी पडेल जिथे मान खांद्याला मिळते. आता बाटली खूण वर ठेवून उचला आणि एकाच लयीत तिरकी करा. धार बारीक, डिकँटरच्या भिंतीवरून सरकणारी. सुरू केलं की थांबायचं नाही आणि बाटली परत उभी करायची नाही. प्रत्येक वेळी ती सरळ झाली की आतली वाईन मागे लाटेसारखी आपटते आणि गाळ उठतो. पूर्ण ओतायला दोन-तीन मिनिटं लागली पाहिजेत.

पहिले दोन तृतीयांश सोपे. नंतर नजर डिकँटरवर नको, प्रकाशावर. मानेत वाईन काचेसारखी नितळ वाहत असते. मग खांद्यात एक काळसर रेघ येते, विझल्या उदबत्तीच्या धुरासारखी, लवलवणारी. ती बारीक गाळाची पहिली खबर. तिच्या मागून दाणेदार गाळ येतो, पण त्याची वाट पाहायची नाही. रेघ मानेच्या तोंडाशी पोचण्याआधी मनगट वळवून थांबायचं. धुरासारखा हा भागच सगळ्यांत कडू असतो. दाणे जड असतात, ते निदान पेल्यात तळाशी बसतात.

बाटलीत ३० ते ५० मिलिलिटर राहिलं तर काम नीट झालं. १०० राहिलं तर गाळ आधीच ढवळलेला होता. उरलेलं एका छोट्या पेल्यात काढून तासभर बाजूला ठेवा. वरचा भाग निवळतो आणि चाखायला मिळतो.

हवा किती वेळ

इथे सर्रास चुका होतात, त्याही दोन्ही टोकांच्या. टॅनिन जिवंत असलेल्या वाईनला हवा मोकळं करते. टॅनिन विरघळून फक्त सुगंध उरलेल्या वाईनला हवा संपवते. लातूर पहिल्या गटात इतर बोर्दोंपेक्षा बरीच जास्त वर्षं राहते.

१९९६, २००३, २००५ किंवा २०१० सारख्या दमदार सालाची बाटली दोन ते चार तास आधी डिकँटरमध्ये घ्या. २०१० ला चारही कमी पडतील. खरं तर ती आता उघडूच नये, पण ते ऐकतं कोण. १९८२ आणि १९९० ला तास-दीड तास. १९७० आणि १९७५ ला पाऊण तास. १९७५ चं साल बोर्दोभर कडक टॅनिनचं, म्हणून जरा ढिल दिली तरी चालते. १९६१ आणि त्याआधीच्या बाटल्या ओतून लगेच पेल्यात. हलक्या सालांना, उदाहरणार्थ १९९७ ला, वय कमी असलं तरी अर्ध्या तासापेक्षा जास्त नको. ‘ले फोर’ला मुख्य वाईनच्या साधारण निम्मा वेळ.

पातळी कमी असलेल्या बाटलीला यातलं काहीही लागू नाही. ती सरळ प्यायची.

नुसतं बूच काढून बाटली तासभर उघडी ठेवणं जवळजवळ निरर्थक आहे. नाण्याएवढ्या पृष्ठभागावरून किती हवा शिरणार? थोडा कोंदट वास जातो, एवढंच. शंका असेल तर ओतल्या ओतल्या २० मिलिलिटर चाखा, पंधरा मिनिटांनी पुन्हा चाखा. दुसऱ्यांदा जास्त चांगली लागली तर थांबा, फिकी लागली तर लगेच सगळ्यांना बोलवा.

दोष ओळखणं

पहिल्या वासात कोंदटपणा, ओल्या पानांचा, क्वचित उकडलेल्या भाजीसारखा वास आला तरी दहा-पंधरा मिनिटं निकाल देऊ नका. इतकी वर्षं कोंडून राहिल्याचा तो वास आहे, निघून जातो. मागून सीडरचं लाकूड, शिसपेन्सिल तासल्याचा वास, तंबाखू, अक्रोड, सुकलेली काळी फळं यायला लागतात.

ओल्या पुठ्ठ्याचा वास मात्र हवेत वाढत जातो. तो बुचातल्या टीसीए नावाच्या संयुगाचा. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात. त्यावर घरगुती उपाय नाही. प्लास्टिकची फिल्म बुडवून ठेवायची युक्ती सांगतात, पण ती वासाबरोबर सुगंधही खाते. नखांच्या पॉलिशचा किंवा शिरक्याचा झणका हा उडून जाणाऱ्या आम्लांचा. १९४० च्या दशकातल्या काही प्रसिद्ध बोर्दोंमध्ये तो थोडा असतोच आणि लोक तो मान्य करून पितात. घोड्याच्या तबेल्याचा, चामड्याचा वास ब्रेटानोमायसिस या यीस्टचा. थोडा असेल तर रंगत, जास्त असेल तर फळ गिळून टाकतो. शेरीसारखा, भाजलेल्या सफरचंदाचा वास आणि तपकिरी रंग एकत्र आले तर हवेनं काम फत्ते केलं आहे.

पेला, तापमान, वाटणी

१६ ते १८ अंश. ‘खोलीच्या तापमानाला द्या’ हा सल्ला हीटर नसलेल्या जुन्या घरांच्या काळातला. आजच्या २२-२४ अंशांच्या खोलीत तो पाळला तर अल्कोहोल नाकात शिरतं आणि वाईन सैल लागते. १३ अंशांच्या तळघरातून काढून थेट ओता. डिकँटरमध्ये आणि पेल्यात ती आपोआप चढते.

पेला मोठा, तोंडाशी निमुळता, ५००-६०० मिलिलिटरचा. भरायचा मात्र सहाव्या भागापर्यंतच. गाळ वजा जाता ७०० मिलिलिटर हाती लागतं, म्हणजे सहा जणांना प्रत्येकी ११५, आठ जणांना ८५ च्या आसपास. त्याहून जास्त लोक असतील तर दुसरी बाटली हवी. दोन बाटल्या उघडल्या तर त्या एकाच डिकँटरमध्ये मिसळू नका. जुन्या वयात एकाच पेटीतल्या दोन बाटल्याही सारख्या राहत नाहीत, आणि एक बिघडलेली निघाली तर दोन्ही जातात.

पोइयाकमध्ये तिच्याबरोबर तिथल्याच कोवळ्या कोकराचं भाजलेलं मांस वाढतात, आणि ते उगाच नाही. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनची धार बोथट करतात. सॉस साधा ठेवा. निळ्या बुरशीचं चीज आणि व्हिनेगरचं सॅलड त्या टेबलावर नको.

पेला गरगर फिरवू नका. एक वळण पुरे. पहिला घोट, वीस मिनिटांनी दुसरा, आणि चढत गेलेली वाईन कधी थबकते त्याकडे लक्ष ठेवा. साठ वर्षांच्या बाटलीचा बहर कधी कधी अर्ध्या तासाचाच असतो.

उरलीच तर ३७५ मिलिलिटरच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून, बूच लावून फ्रिजमध्ये. १९९६ दुसऱ्या दिवशीही बोलते, कधी कधी जास्तच चांगली. १९६१ उरवू नका.